खारीनं पळावं की थांबावं

खार वेळेत पोचली होती. सूर्य डोंगराच्या वर अजून चांगला वीतभर शिल्लक होता. आणि तरीही बुरुजाचं दार काही उघडेना. इंद्रभान तायड्यांनी बटण दाबलं. मग जोरात दाबलं. मग ते हातात मावणारं यंत्र पालथं करून त्याच्या पाठीवर एक थाप मारली. बिघडलेल्या रेडिओला आणि झोपलेल्या कंडक्टरला ते नेहमी अशीच थाप मारत.

"टायमात आलो ना मी?" त्यांनी मुलीला विचारलं.

"आलात, बाबा."

"मंग दार काऊन बंद?"

"बिया कमी पडल्या. वाटेत लपवल्या होत्या त्या."

"लपवल्या होत्या तं मले दिसतीन कशा?"

प्रेरणानं उत्तर दिलं नाही. तिला उत्तर द्यायचं नव्हतंच. तिनं फक्त गप्प बसून पाहायचं, असं पुण्याहून ठरून आलं होतं. पण इंद्रभानना ते गप्प बसणं झोंबलं. मलकापूरच्या एसटी स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सारी नोकरी गेली. कोणती गाडी केव्हा लागली, केव्हा सुटली, का सुटली नाही, याचा जाब त्यांनी भल्याभल्या ड्रायव्हरांना विचारला होता. निवृत्तीनंतरही कॉलनीतले लोक त्यांना फाटकातून बाहेर पडताना पाहून घड्याळ लावतात, असं ते स्वतः सांगत. अशा माणसाला वेळेवर पोचूनही दारात उभं राहावं लागावं, आणि तेही एका खारीच्या रूपात, हे त्यांच्या बुद्धीला पटेना.

प्रकरण असं होतं. प्रेरणा पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत होती. आईवडिलांना एवढंच ठाऊक होतं, की पोरगी कॉम्प्युटरवर काहीतरी करते आणि ते काहीतरी शेजाऱ्यांना समजावून सांगता येत नाही. या वेळी दिवाळीच्या सुट्टीत ती ते काहीतरी सोबत घेऊन आली. दोन्ही हातांत धरायचं यंत्र, मधे पडदा, पडद्यात एक खार. खारीनं लिंबाच्या झाडाखालून निघायचं, भिंतींवरून, पत्र्यांवरून, फांद्यांवरून उड्या मारत जायचं आणि सूर्य मावळायच्या आत बुरुज गाठायचा. वाटेत बिया लपवलेल्या. पुरेशा बिया नसल्या, तर बुरुजाचं दार उघडत नाही.

घोळ इथेच होता. पळालं तर बिया राहतात. बिया शोधत बसलं तर सूर्य मावळतो. कंपनीत यावरून दोन तट पडले होते. एक तट म्हणे सूर्य काढा, दुसरा म्हणे बिया काढा. तिचा वरिष्ठ हर्षल अकोल्याचा होता. तो म्हणाला होता, "ज्यांनी जन्मात गेम हातात धरला नाही, अशा माणसांना खेळायला दे. मधे बोलू नकोस. मी शनिवारी गावी जाताना मलकापूरला उतरतो. सूर्य की बिया, ते एक सांग. नाही ठरलं, तर हा टप्पाच गाळू." आणि आणखी एक अट होती. गेम अजून बाजारात यायचा होता, म्हणून घराबाहेर ब्र काढायचा नाही.

तो टप्पा अख्खाच्या अख्खा प्रेरणानं बनवलेला होता. तो गाळतील म्हणताना तिचा चेहरा कसा झाला, ते इंद्रभाननी पाहिलं होतं. त्यामुळेच ते चष्मा पुसून पुन्हा खेळायला बसले.

त्यांचं खेळणं पाहण्यासारखं होतं. खारीनं उडी मारली की तेही खुर्चीत उडत. खार डावीकडे कलली की ते उजवीकडे कलत, कारण तोल सांभाळायला कोणीतरी हवंच ना. खार विहिरीत पडली, की ते आधी विहीर कोणी उघडी ठेवली याची चौकशी करत. पण रस्ता एकदा पाठ झाल्यावर मात्र त्यांनी खारीला असं पळवलं, की प्रेरणाच्या कंपनीतल्या तरण्या पोरांनाही जमलं नसेल. सूर्य उंच असतानाच खार बुरुजाशी. आणि दार बंद.

"बियांसाठी थोडं थांबून पाहा की, बाबा," प्रेरणाला शेवटी राहवलं नाही.

"मधल्या स्टॉपवर चहा प्यालेली गाडी मी कधी चालू दिली नाही," ते म्हणाले.

मग यंत्र मंजुश्रीबाईंच्या हातात गेलं. धामणगाव बढ्याच्या शाळेत मास्तरीण म्हणून त्यांची हयात गेलेली. वर्गात प्रत्येक पोराचं पूर्ण ऐकून घेतल्याशिवाय पुढचा धडा न घेण्याबद्दल त्या प्रसिद्ध होत्या. खारीनं उजवीकडे जायचं असतं, हे न सांगताही साऱ्या जगाला कळतं, असं प्रेरणाच्या कंपनीचं मत होतं. मंजुश्रीबाई डावीकडे गेल्या.

"अवं, तिकडे कुठी?" इंद्रभान ओरडले.

"इकडे काय आहे ते पाह्यल्याबिगर तिकडे कशाले जाऊ?"

डावीकडे एक भिंत होती. भिंतीपाशी त्यांनी खारीला उभं केलं, वर पाहिलं, खाली पाहिलं, उडी मारून पाहिली. भिंतीपलीकडे काहीच नव्हतं, कारण प्रेरणानं तिथे काही बनवलंच नव्हतं. हे मंजुश्रीबाईंना पटेना. एवढी मजबूत भिंत कोणी उगाच बांधत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग त्या उजवीकडे निघाल्या त्या एकेका फांदीची विचारपूस करत. बिया मात्र पटापट सापडत गेल्या. पुष्कळ सापडल्या. आणि त्या अर्ध्या वाटेवर असतानाच पडदा काळा झाला.

"लाईन गेली का?"

"सूर्य मावळला, आई."

"असा कसा मावळला? मी तं आत्ताच आली."

यानंतर नवराबायकोत जे बोलणं झालं, ते खारीवरून सुरू झालं आणि लग्नापासूनच्या सगळ्या प्रवासांवरून फिरून आलं. एकाचं म्हणणं, सूर्य ठेवा आणि बिया काढून टाका, म्हणजे शिस्त राहील. दुसरीचं म्हणणं, बिया राहू द्या आणि तो सूर्य काढून टाका, त्याचा कोणाला काय उपयोग. प्रेरणा दोघांच्या मधे बसून डोकं धरून ऐकत होती. कंपनीतलं सगळं भांडण पुण्याहून उठून तिच्या घरात येऊन बसलं होतं. फरक एवढाच, की इथे दोन्ही तट एकाच पलंगावर बसले होते.

याच वेळी वामनराव खर्चे पेपर वाचायला आले.

वामनराव शेजारी. जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त झालेले आणि सध्या कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष. पेपर ते स्वतः घेत नसत, कारण तायड्यांकडे येतोच. प्रेरणानं घाईनं यंत्र उशीखाली सरकवलं, पण उशीखालून खारीचं संगीत वाजतच राहिलं.

"उशी काऊन गाऊन राह्यली?" वामनरावांनी विचारलं.

मग सांगावंच लागलं. वामनरावांनी कोणाला न सांगण्याची शपथ घेतली आणि यंत्र हातात घेतलं. ते खेळले मात्र नाहीत. त्यांनी खारीला एका पत्र्यावर उभी करून पत्र्याची लांबी बोटांनी मोजली, मग तिला भिंतीवर नेऊन भिंत मोजली, आणि अंगणात खडूनं सगळ्या टप्प्याचा नकाशा काढायला घेतला. नकाशा पुरा झाल्यावर कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "तायडे साहेब, हा बुरुज लिंबाच्या हद्दीत येऊन राह्यला. मोजणी चुकली आहे."

"पण खारीनं पळावं का थांबावं, ते सांगा ना."

"आधी हद्द ठरू द्या. मंग ते ठरन."

वामनरावांनी शपथ पाळली. पण अंगणातला नकाशा काही लपवता आला नाही. तो पाहून समोरच्या सोजराबाई आल्या. सोजराबाई एकट्या राहत. मोताळ्याकडे शेत होतं, घरी एक बकरी होती, आणि येताना त्यांनी शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा आणला होता. त्यांनी लाडू सगळ्यांना दिले, पदराला हात पुसला आणि इंद्रभानच्या खांद्यावरून पडद्याकडे बराच वेळ पाहिलं. खार पळत होती, धापा टाकत होती.

"पोरी, हे काऊन पळून राह्यली?" त्यांनी विचारलं. "मांगं कोणी लागलं का तिच्या?"

"नाही, काकू. सूर्य मावळायच्या आत पोचायचं आहे तिला."

"सूर्य मावळल्यावर काय होते?"

"काही नाही. संपतं."

"अन् पोचल्यावर?"

"तेव्हाही संपतं," प्रेरणा म्हणाली. मग उठून आत गेली. आतून बराच वेळ नळाचा आवाज येत राहिला. तोंड धुवायला एवढं पाणी लागत नाही, हे तिच्या बापाला कळत होतं.

इंद्रभान पार गोंधळून गेले. सूर्य ठेवावा तर सोजराबाई खारीची कीव करतात. बिया ठेवाव्यात तर दार बंद. दोन्ही ठेवावं तर टप्पा गळतो आणि पोरगी रडते, दोन्ही काढावं तर गेम कसला, ते नुसतं खारीचं हिंडणं. स्टँडवर अशी वेळ कधी आली नव्हती. तिथे दोन गाड्या एका फलाटावर आल्या, तर एक मागे घ्यायला सांगायची की झालं. पण एक गोष्ट त्यांनी नोकरीत पाहिली होती. कागदावर न सुटणारी गोष्ट प्रत्यक्ष जागेवर जाऊन उभं राहिलं की सुटते. रात्रभर त्यांना झोप आली नाही असं नाही, ते चांगले घोरले, पण सकाळी उठले ते प्रयोग ठरवूनच.

"कॉलनीतच करून पाहू," त्यांनी जाहीर केलं. "फाटकाजवळच्या लिंबाखालून निघाचं, अन् आपल्या गच्चीवरच्या टाकीच्या ओट्यावर पोचाचं. तो आपला बुरुज. बियांच्या जागी सोजराबाईंचे लाडू, कागदात बांधून लपवाचे. मी पळतो, तुझी आई शोधते. तू पाह्य. तुझा साहेब पोचाच्या आत निकाल लागते."

प्रेरणानं हात जोडले. पण तिच्याकडेही दुसरा उपाय नव्हता आणि शनिवार उजाडला होता.

प्रयोगाला गल्ली आणि मोकळी जागा लागणार, म्हणजे समितीची परवानगी आली. समितीचे अध्यक्ष वामनराव. ते ओसरीवरच बसले होते, तायड्यांचाच पेपर वाचत.

"लेखी अर्ज द्या," वामनराव म्हणाले.

"अहो, तुमाले तं सारं माहीत आहे. काल नकाशा तुमीच काढला."

"शेजारी म्हणून मले सारं माहीत आहे. अध्यक्ष म्हणून मले काहीच माहीत नाही."

इंद्रभाननी तिथेच बसून अर्ज लिहिला. विषय : खारीच्या धावण्याकरिता कॉलनीतील गल्ली व मोकळी जागा एक सायंकाळ वापरण्यास मिळणेबाबत. वामनरावांनी तो चष्मा लावून वाचला आणि परत केला. खार पाळीव आहे की रानटी, याचा खुलासा नव्हता. इंद्रभाननी खुलासा केला, की खार प्रत्यक्षात नाही. मग जी प्रत्यक्षात नाही तिच्यासाठी जागा कशी देता येईल, असा पेच उभा राहिला. पुन्हा अर्ज. आता विषय होता, निवृत्त वाहतूक नियंत्रकाच्या धावण्याकरिता. यावर वामनराव म्हणाले, की आपल्या वयाचा माणूस गल्लीत धावणार असेल, तर घरच्यांची हरकत नसल्याचं लिहून पाहिजे. मंजुश्रीबाईंनी 'हरकत आहे, पण ऐकत नाहीत' असं लिहून सही केली. ती चालली. अध्यक्षांनी मंजुरी दिली आणि मग शेजारी या नात्यानं उठून लाडू लपवायला मदत केली.

टाकीचा ओटा म्हणजे जिन्याच्या खोलीवरचा चौथरा. त्यावर चढायला गच्चीतून शिडी लागे, ती सोजराबाईंकडून आणली. ऊन कलतं झालं. इंद्रभाननी पॅन्टच्या पायांत सायकलच्या क्लिपा लावल्या, लिंबाखाली उभे राहिले आणि प्रेरणानं रुमाल हलवताच निघाले.

धावले असं म्हणवत नाही, पण थांबले नाहीत हे खरं. वाटेत दोन ठिकाणी लोकांनी "काय झालं हो तायडे साहेब, कोणी गेलं का?" म्हणून विचारलं. त्यांनी फक्त हात वर केला, त्यामुळे कोणीतरी नक्की गेलं असं त्या लोकांनी धरलं आणि ते चपला घालून मागून निघाले. घराचा जिना, गच्ची, शिडी, ओटा. इंद्रभान टाकीला टेकून धापा टाकत उभे राहिले तेव्हा सूर्य अजून वर होता. पुन्हा वेळेत. खिशात लाडू मात्र एकही नव्हता, कारण वाटेत त्यांनी एकाही जागी मान वळवून पाहिलं नव्हतं.

खाली मंजुश्रीबाई शोधत निघाल्या होत्या. पहिल्याच घरी कुंडीमागे पाहताना तिथली सून बाहेर आली आणि "काय शोधता मॅडम?" म्हणाली. गेमचं सांगायचं नव्हतं. मंजुश्रीबाई खोटं बोलत नसत, म्हणून नुसत्या "आहे एक वस्तू" म्हणाल्या. एवढं पुरे झालं. दुसऱ्या घरापर्यंत ती वस्तू अंगठी झाली, तिसऱ्या घरापर्यंत पोत. तायडे साहेब मघाशी का धावत गेले, याचाही उलगडा झाला. गल्लीतली माणसं कंबरेत वाकून गटाराच्या कडेनं सोनं शोधू लागली. मंजुश्रीबाईंना दोन घरी चहा घ्यावा लागला आणि तिसऱ्या घरी धीर.

आणि सोजराबाईंची बकरी. लाडू पहिल्यांदा खऱ्या अर्थानं शोधले ते तिनंच. नाकानं वास काढत, कागदासकट एकेक संपवत ती सोजराबाईंच्या कुंपणाच्या भिंतीवर चढली, तिथून गोठ्याच्या पत्र्यावर. पत्र्यावरचा लाडू खाल्ल्यावर तिला कळलं की आता उतरता येत नाही. तिनं असा टाहो फोडला, की गल्ली सोनं विसरली.

"शिडी आणा रे कोणी!" सोजराबाई ओरडल्या. "तायड्याइच्या गच्चीवर आहे!"

"वर तायडे साहेब असतीन," कोणीतरी म्हणालं.

"तो घाईचा माणूस. तो काय आतालोक वर थोडाच बसला असन?"

दोघं जण धावत गेले आणि शिडी उचलून घेऊन आले. इंद्रभान त्या वेळी टाकीच्या पलीकडे उभे राहून वारा घेत होते. ते अलीकडे आले तेव्हा शिडी गल्लीतून जाताना दिसली.

"ओ! ओ! शिडी!"

"हाव, भेटली शिडी!" खालून एकानं आनंदानं उत्तर दिलं.

इंद्रभान ओट्यावर बसले. उडी मारावी असा विचार खारीनं केला असता. त्यांनी तो केला नाही. त्यांच्या मनाला लागलं ते वेगळंच. ज्या माणसानं स्टँडवरच्या एकाही गाडीला कधी कोणाला मागे सोडून जाऊ दिलं नाही, तोच मागे राहिला होता, आणि जाताना एकानंही वळून पाहिलं नव्हतं. सूर्य डोंगराला टेकला. मग बुडाला. वेळ संपली. आता काही करायचं उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी खाली पाहिलं.

एवढी वर्षं या कॉलनीत राहून त्यांनी ती कधी वरून पाहिली नव्हती. संध्याकाळच्या पिवळट उजेडात सगळं कसं स्वच्छ मांडून ठेवल्यासारखं दिसत होतं. वामनरावांच्या परसात पेरूचं झाड आहे, हे त्यांना पहिल्यांदाच कळलं. सोजराबाईंच्या अंगणात एकच खुर्ची होती. मंजुश्री एका ओट्यावर बसून कोणाच्या तरी नातवाचा शर्ट सारखा करत होती. आणि लाडू! कागदाच्या पांढऱ्या पुड्या जिकडेतिकडे दिसत होत्या. गल्लीतल्या निळ्या टाकीच्या मागे एक, कडेला उभ्या असलेल्या वीटभट्टीच्या ट्रॅक्टरच्या सीटवर एक, लिंबाच्या बेचक्यात एक. खाली माणसं त्यांच्यावरून, खालून, बाजूनं जात होती आणि एकालाही दिसत नव्हत्या.

इंद्रभान उभे राहिले. त्यांनी तोंडासमोर हात धरला आणि नोकरीभर लाऊडस्पीकरवर वापरलेला आवाज काढला.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावं! मंजुश्रीबाई तायडे यांनी निळ्या टाकीच्या मागच्या बाजूस पाहावं! मंजुश्रीबाई तायडे, निळी टाकी!"

गल्ली चपापून थांबली. मंजुश्रीबाई उठल्या, टाकीमागे गेल्या आणि पुडी काढून वर दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सोनं सापडलं असं निम्म्यांना वाटलं. इंद्रभानना आता चेव आला. त्यांनी एकेकाला नावानं पुकारून एकेका पुडीकडे वळवायला सुरुवात केली. एवढ्यात फाटकाशी ऑटो थांबला आणि पाठीवर बॅग घेतलेला एक तरुण उतरला. तो कोण, हे विचारायला इंद्रभानना सवड नव्हती.

"ऑटोतून उतरलेल्या प्रवाशानं लिंबाच्या बेचक्यात हात घालावा!"

तरुणानं आभाळाकडे पाहिलं. आवाज कुठून येतो ते त्याला समजेना. मग, आज्ञा मोडायची हिंमत न झाल्यामुळे असेल, त्यानं टाचा उंच करून बेचक्यात हात घातला, पुडी काढली, उघडली, लाडू पाहिला आणि खाल्ला. खातखातच त्यानं पुन्हा वर तोंड केलं.

"अजून कुठी आहे?"

प्रेरणा फाटकाकडे धावत आली आणि जागीच थिजली. तो हर्षल होता. ज्याची कोणाला कानोकान खबर लागू द्यायची नव्हती, त्या गेमचा नकाशा अंगणात खडूनं काढलेला होता, अर्धी कॉलनी त्याच्यावरून चालत होती, पत्र्यावरून एक बकरी शिडीनं उतरवली जात होती आणि बाप टाकीवर उभा होता.

"सर, मी सांगते. हे म्हणजे—"

"सांगशील नंतर," हर्षल म्हणाला. पुण्यातलं त्याचं बोलणं लाडवाबरोबर कुठेतरी उतरून गेलं होतं. "अबे, पण त्याइले वरून दिसून राह्यलं ना सारं! आपली खार वर पोचली की आपण काय करतो? दार लावून घेतो अन् गेम संपवतो."

प्रेरणानं वर पाहिलं. वडील दोन्ही हात हलवून कोणालातरी ट्रॅक्टरकडे पाठवत होते. सूर्य कधीच मावळला होता.

"सर," ती हळूच म्हणाली, "सूर्य काढायचा नाही. बियाही नाही. सूर्य फक्त वर पोचेपर्यंत. वर पोचली, की तो तिथेच थांबेल आणि तिला सगळं दिसेल. काय काय मागे राहिलं ते. मग घाई नाही. मग पाहिजे तर उतरावं."

"अन् दार?"

"दार खाली. जिथून निघाली तिथे."

हर्षल हात चाटत विचार करत उभा राहिला. कॉलनीही उभी राहिली. कशासाठी ते ठाऊक नव्हतं, पण पोरीचं काहीतरी ठरत आहे एवढं सगळ्यांना समजत होतं. शेवटी हर्षल म्हणाला, "ठेवू तुझा टप्पा," आणि सोजराबाईंनी बकरी कडेवरच्या पोरासारखी धरून "बरं झालं बाप्पा" म्हटलं.

"माह्या शिडीचं कोणी पाह्यता का?" वरून आवाज आला.

शिडी हर्षलनं स्वतः धरली. इंद्रभान एकेक पायरी चाचपत उतरले. सगळ्यात आधी त्यांनी क्लिपा काढून खिशात टाकल्या, मग पाहुण्याला नमस्कार केला.

"काका, वर कसं काय सुचलं तुमाले?" हर्षलनं विचारलं.

"सुचलं नाही काही," इंद्रभान म्हणाले. ते खरोखरच बुचकळ्यात पडले होते. "टाइम निघून गेला, तवा दिसाले लागलं."

वामनरावांनी मात्र सगळ्यांना सांगितलं, की हे समितीनं वेळेत मंजुरी दिल्यामुळे झालं.

उन्हाळ्यात गेम बाजारात आला. प्रेरणानं एक यंत्र घरी पाठवलं. इंद्रभाननी पहिल्याच दिवशी खार बुरुजावर नेली. सूर्य डोंगराशी थांबला, खाली सगळा मुलूख उलगडला आणि नंतर काहीच झालं नाही. ते वाट पाहत राहिले. मग त्यांनी पुण्याला फोन लावला.

"बेटा, हे संपलं का नाही संपलं?"

"तुम्हाला वाटेल तेव्हा संपलं, बाबा."

"असं कसं? कोणी तं सांगाले पाहिजे ना!"

कोणी सांगितलं नाही. त्यांना ते आजही नीट कळलेलं नाही. पण परवा मेहकरवरून डोणगावला मंजुश्रीबाईंच्या भाचीकडे जायचं होतं. मंजुश्रीबाई साडी नेसून, पिशवी भरून, चपला घालून दारात उभ्या होत्या. इंद्रभान खुर्चीत. खार बुरुजावरून अर्धी उतरून एका कौलावर बसली होती आणि ते पडद्याच्या कोपऱ्यात चष्म्यावरून काहीतरी न्याहाळत होते.

"चला ना हो," मंजुश्रीबाई म्हणाल्या. "मेहकरची गाडी सुटन."

"सुटू दे," इंद्रभान तायडे म्हणाले. "मांगून दुसरी येते."

मंजुश्रीबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला. ताप नव्हता. मग त्या पिशवी खाली ठेवून खुर्ची ओढून शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "सरका जराक. मलेही दिसू द्या."